उन्हात वेल्डिंग करताना काचेत स्वतःचंच तोंड का दिसतं?

डिसेंबर सरत आला की तासगाव, कवठेमहांकाळ आणि मिरजेच्या पूर्वभागात बेदाण्याच्या, म्हणजे द्राक्षं वाळवायच्या, रॅकची कामं निघतात. द्राक्षं उतरायच्या आत सांगाडा उभा राहायला हवा, म्हणून माळावरच अँगल कापायचे, तिथंच टाके मारायचे (तुकडे जागेवर धरायला छोटे छोटे जोड), तिथंच जोड भरायचे. वर पत्रा आणि बाजूला हिरवी जाळी येते ती सगळ्यांत शेवटी. तोवर रॅकला सावली नाही आणि वेल्डरलाही नाही. अशा कामावर सकाळी अकराच्या पुढं एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मिस्त्री, दुसरी काच द्या. ह्यातनं जोडच दिसंना झालाय."

तीच काच कुपवाडच्या एमआयडीसीत शेडखाली वापरली होती, तेव्हा तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. माळावर आल्यावर तिला काय झालं? काही नाही. काच आपलं काम आधीसारखंच करतेय. पण उघड्यावर हेल्मेटमध्ये मागूनही उजेड शिरतो, आणि सगळा घोळ तो मागचा उजेड घालतो. आपण मात्र चोर सोडून संन्याशाला फाशी द्यावी तसे काच बदलत बसतो.

लाखातले पाच आणि लाखातले चार हजार

आधी काळ्या काचेच्या नंबराचा हिशेब बघू. दुकानात ती १०, ११, १२ अशा नंबरांनी मिळते. (रॉडलाही नंबर असतात आणि नव्या पोरांचा तिथं गोंधळ होतो. रॉडचा नंबर जाडीचा. १० नंबरचा रॉड म्हणजे ३.१५ मिलिमीटर, १२ नंबरचा साधारण २.५. तिथं नंबर वाढला की रॉड बारीक होतो. काचेत नंबर वाढला की काळोख वाढतो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.)

काचेवर बाहेरून एक लाख भाग उजेड पडला असं धरा. १० नंबरच्या काचेतून त्यातले साधारण १४ भाग आत येतात. ११ नंबरमधून पाच. १२ नंबरमधून जेमतेम दोन. नंबर एकानं वाढला की आत येणारा उजेड सुमारे २.७ पटीनं घटतो. हा हिशेब ठरलेला आहे, काच कुठल्याही कंपनीची असली तरी.

आता त्याच काचेची आपल्या डोळ्यांकडची बाजू. काच काळी असो की पांढरी, म्हणजे आरपार दिसणारी, तिचा पृष्ठभाग गुळगुळीत असला की समोरून पडलेल्या उजेडातला शेकडा चार भाग ती परत फेकते. उजेड फार तिरपा पडला तर त्याहून जास्त. आतल्या बाजूला पॉलिकार्बोनेटची (म्हणजे कडक प्लास्टिकची) पांढरी काच असेल तर तिचे दोन पृष्ठभाग आणखी वाढतात, आणि पॉलिकार्बोनेट प्रत्येक पृष्ठभागावरून शेकडा पाच परत पाठवतं. आपण सगळ्यांत कमी धरू, शेकडा चार. म्हणजे लाखात चार हजार.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. ११ नंबरमधून समोरचा उजेड येतो लाखातला पाच. आपल्या शर्टावरून, गालावरून, नाकावरून काचेच्या आतल्या बाजूवर गेलेला उजेड डोळ्याकडे परत येतो लाखातला चार हजार. आठशे पटीचा फरक. समोरच्या उजेडाला काळी काच गाळून घेते, मागच्या उजेडाला तिच्यातून जावंच लागत नाही. तो आतल्या आत आपटून डोळ्यात येतो.

शेडखाली हे जाणवत नाही, कारण तिथं मागून येणारा उजेडच तुटपुंजा. ट्यूबलाइटच्या वर्कशॉपमध्ये प्रकाश असतो ३०० ते ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप). माळावर भर दुपारी तो एक लाख लक्सच्या घरात जातो. दोनशे-तीनशे पट. आठशे पटीचा फरक आणि त्यावर दोनशे पटीचं ऊन, मग काचेत जोड कुठून दिसणार? आपलं नाक दिसतं, मिशा दिसतात, शर्टाचं वरचं बटण दिसतं.

रात्रीच्या एसटीत ड्रायव्हर आपल्या डोक्यावरचा दिवा का लावू देत नाही, त्यामागं हेच आहे. आत उजेड केला की पुढच्या काचेत रस्ता दिसायच्या जागी गाडीतली माणसं दिसायला लागतात. काच तीच, रस्ता तोच, फक्त आतला उजेड वाढलेला.

उन्हात आर्क, म्हणजे रॉड आणि लोखंडामधली पेटलेली ज्योत, दिसतच नाही असं मात्र होत नाही. आर्क आणि त्याच्याखालचं वितळलेलं लोखंड इतकं प्रखर असतं की ते दिसतंच. बुडतं ते आजूबाजूचं. अजून न भरलेली पुढची फट, मागं राहणारी स्लॅगची (जोडावर जमणाऱ्या मळीची) कड, अँगलची कड कुठं संपते ती रेघ. वेल्डर हात चालवतो तो ह्याच अंधुक खुणांवर. त्या गेल्या की माणूस आर्ककडं बघत अंदाजानं रॉड ओढतो, आणि रॅकच्या खालच्या पट्टीला एका बाजूला ढीग अन् दुसऱ्या बाजूला न पकडलेला जोड मिळतो. बेदाण्याच्या जाळीवर माल पडल्यावर तोच जोड आधी सुटतो.

नंबर वाढवला तर?

ऊन जास्त म्हणून १२ किंवा १३ नंबरची काच घ्या, असा सल्ला दुकानात सर्रास मिळतो. दुकानदाराची काच खपते, वेल्डरचं काम आणखी बिघडतं. ११ वरून १२ वर गेलात तर समोरून येणारा उजेड पाचाचा दोन झाला. मागून येणारा चार हजारच राहिला. म्हणजे जोड आणखी अंधारात गेला आणि नाक होतं तेवढंच उजळ राहिलं. डोळे दिपतात म्हणून काच गडद करायची हे गॉगलच्या बाबतीत ठीक, कारण तिथं त्रास समोरून असतो.

काचेचा नंबर ठरवायचा तो करंटवर, उन्हावर नाही. ३.१५ च्या रॉडनं १०० ते १३० अँपिअरला १० किंवा ११ नंबर बहुतेकांना पुरतो. शेडखाली जो नंबर सोसतो तोच माळावर ठेवावा.

विषय निघालाच आहे तर ग्रहणाचंही सांगून टाकतो. सूर्यग्रहणाला गावात वेल्डिंगची काच हातोहात फिरते. सूर्याकडं बघायला १२ च्या खालची काच चालत नाही आणि १४ असली तर उत्तम. आपल्याकडं हेल्मेटात असतात त्या १० आणि ११ नंबरच्या काचा त्या कामाच्या नाहीत. दोन काचा एकावर एक ठेवण्याचे प्रयोग पोरांच्या डोळ्यांवर करू नयेत.

उजेड कुठून येतोय ते शोधणं

साध्या काळ्या काचेचं हेल्मेट असेल तर तपासणी अगदी सोपी आहे. जिथं जोड भरायचा तिथं नेहमीसारखं बसा, हेल्मेट खाली घ्या, डोकं जोडाकडं वाकवा, पण आर्क काढू नका. ११ नंबरच्या काचेतून उन्हातलं लोखंडही जवळपास दिसत नाही. म्हणजे आर्क नसताना तुमच्यासमोर काळोख असायला हवा. त्या काळोखात जे काही दिसतंय ते मागून आलेलं आहे.

मग हेल्परला सांगा, टॉवेल घेऊन मागं उभा राहा. आधी मानेमागं धरायचा, मग डाव्या कानाकडं, मग उजव्या, मग डोक्यावर, शेवटी हनुवटीखाली. ज्या ठिकाणी टॉवेल आल्यावर काचेतलं तोंड विझतं ती तुमची फट. प्रत्येकाची वेगळी निघते. कुणाचं हेल्मेट डोक्यावर उंच बसतं, कुणाच्या कानामागं जागा राहते. मी पाहिलंय त्यात बहुतेकदा दोषी निघते ती मान आणि माथ्याची मागची बाजू, कारण हेल्मेटला मागं काही नसतंच. हनुवटीखालून येणारा उजेड दुसऱ्या नंबरवर.

हातात धरायची स्क्रीन वापरणाऱ्यांनी ही तपासणी करायचीही गरज नाही. तिथं चारी बाजू उघड्या. उन्हात स्क्रीन घेऊन काम करणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा आहे. टाके मारताना तर लोक स्क्रीनही बाजूला ठेवतात, नुसते डोळे मिटून रॉड टेकवतात. त्याबद्दल पुढं.

सूर्याकडं तोंड करा

ऐकायला उलटं वाटतं, पण उन्हात काम करायची पहिली युक्ती हीच. सूर्य समोर असेल तर त्याचा उजेड हेल्मेटच्या बाहेरच्या बाजूवर पडतो. हेल्मेट तो अडवतं, आणि जो काचेवर पडतो तो लाखात पाचच्या हिशेबानं गाळला जातो. सूर्य पाठीशी असेल तर मानेवर, खांद्यावर आणि थेट काचेच्या आतल्या बाजूवर. आपण सवयीनं नेमकं उलटं करतो, ऊन तोंडावर नको म्हणून पाठ देऊन बसतो.

सावली बघा. तुमची सावली जोडाच्या बाजूला पडत असेल तर सूर्य मागं आहे. सावली पाठीमागं पडली पाहिजे.

जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याकडं सूर्य दिवसभर दक्षिणेच्या बाजूनं जातो. सांगली सुमारे १७ अक्षांशावर आहे, त्यामुळं जानेवारीच्या मध्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून साधारण ५२ अंशांवरच येतो, माथ्यावर नाही. आणि ती भर दुपार घड्याळात बाराला होत नाही. सांगली भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून बरीच पश्चिमेला असल्यानं सूर्य सर्वांत वर येतो तो साडेबारा-पाऊणच्या सुमारास. म्हणजे रॅकच्या हंगामात सकाळी आग्नेयेकडं तोंड, दुपारी दक्षिणेकडं, तिसऱ्या प्रहरी नैर्ऋत्येकडं. उत्तरेकडं तोंड करून भरायचे जोड अगदी सकाळी भरावेत किंवा सावली धरेपर्यंत राखून ठेवावेत. रॅक पूर्व-पश्चिम लांब असेल तर निम्मे जोड दक्षिणेकडं तोंड करून भरता येतात. आधी ते उरकून घ्यावेत.

मे महिन्यात हे गणित मोडतं. पहिल्या पंधरवड्यात एक दिवस असा येतो की दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. मग समोर काय आणि मागं काय. त्यातून वेल्डर ताठ उभा राहून काम करत नाही. खालच्या पट्टीचा जोड भरायला उकिडवं बसून हनुवटी छातीला लावली की हेल्मेटची मागची उघडी बाजू आभाळाकडं होते. उभ्या माणसाच्या डोक्यावरचं ऊन वाकलेल्या माणसाच्या हेल्मेटात मागून शिरतं. म्हणून रॅकचा वरचा कप्पा भरताना दिसतं आणि खालचा भरताना दिसत नाही. पोरं म्हणतात, खाली अंधार असतो म्हणून दिसत नाही. तसं नाही, खाली वाकल्यावर आत उजेड होतो.

जमत असेल तिथं चौकटी जमिनीवरून उचला. दोन घोडे (लोखंडी स्टँड) ठेवून कंबरेच्या उंचीवर चौकट भरली तर मान कमी वाकते, उजेडही कमी शिरतो आणि संध्याकाळी कंबरही सरळ होते.

मागचा पडदा

तोंड फिरवून जे सुटत नाही त्याला पडदा लागतो. जुन्या जीनचा एक पाय उसवला तर एका हेल्मेटचा पडदा निघतो. माथ्यापासून खांद्याच्या खाली चार बोटं येईल एवढी लांबी, एका कानापासून दुसऱ्या कानाच्या पुढं येईल एवढी रुंदी. वरची कड हेल्मेटच्या डोक्यावरच्या कडेला अशी लावायची की हेल्मेट वर-खाली करताना पडदा अडकणार नाही. काहीजण वेल्क्रो चिकटवतात, काहीजण दोन-तीन भोकं पाडून पॉप रिव्हेट मारतात. वेल्क्रो बरा, कारण कापड घामानं आठवड्यात ताठ होतं आणि काढून धुवावं लागतं. तयार चामड्याचे पडदेही मिळतात. ठिणगीला ते जीनपेक्षा चांगले, पण उन्हाळ्यात भारी होतात.

रंग काळा किंवा गडद निळा. पांढरा टॉवेल डोक्यावरून घेणारे खूप दिसतात. त्यानं थेट तिरीप अडते हे खरं, पण पातळ पांढऱ्या कापडातून उजेड झिरपतो आणि आत सगळीकडं पसरतो. उन्हाकडं धरल्यावर ज्यातून हात दिसतो ते कापड ह्या कामाचं नाही.

कापड सुती की मिश्र, हे दुकानदाराला विचारून कळत नाही. कडेचा एक धागा ओढा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि बोटात चुरगळणारी राख उरते. टेरिकॉट किंवा पॉलिस्टर असेल तर धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला टणक काळी गोळी धरते. तीच गोळी मानेच्या कातडीला चिकटली की काय होतं ते ज्यांनी बघितलंय ते पुन्हा तसलं कापड जवळ घेत नाहीत. सुती कापडही ठिणगीनं धुमसतं, म्हणून डोक्यावरच्या बाजूचं वेल्डिंग असेल तर चामडंच वापरावं. तेल-ग्रीस लागलेलं कापड तर कुठंच नको.

गार वाटावं म्हणून पडदा ओला करण्याची कल्पना कुणाच्या तरी डोक्यात येतेच. करू नका. मशीन चालू असून आर्क लागलेला नसतो तेव्हा रॉड धरायच्या होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या अंगाला ते फारसे बोलत नाहीत, ओल्या मानेवरून आणि घामेजल्या शर्टावरून वाट मिळाली तर बोलतात. उकडतंय तर जोड भरून झाल्यावर पडदा मागं टाका, पाणी प्या, आणि उत्तरेकडचं काम सकाळी सातला सुरू करा.

आणखी एक सांभाळायचं. पडदा मागं आणि बाजूला ठीक, पण हनुवटीखालचा भाग कापडानं गुंडाळून बंद करू नये. बेदाण्याच्या रॅकला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) वापरतात, आणि जीआयवर रॉड लावला की जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो हेल्मेटात कोंडला तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो. खालून येणारा उजेड कमी करायला शर्टच बदलावा. पांढरा किंवा फिका शर्ट उन्हात काचेसमोर दुसरा दिवा होऊन बसतो. गडद शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, एवढ्यानं बराच फरक पडतो. जमीन चुनखडीची असेल किंवा ताज्या कोब्यावर काम असेल तर पायाखाली गंजका पत्रा टाकावा. नवा चकचकीत पत्रा टाकला तर उलटंच होईल.

तोच गंजका पत्रा उभा करून आडोसाही होतो. दोन अँगलला बांधून वेल्डरच्या मागं उभा केला की पडद्याचं अर्धं काम तो करतो आणि ठिणगीला घाबरत नाही. हिरवी शेडनेट माळावर हाताशीच असते म्हणून तिची सावली करतात. चालेल, पण उंच. ती प्लास्टिकची आहे. ठिणगी बसली की भोक पडतं आणि वारा असेल तर भोकावर थांबत नाही.

हेल्मेटच्या आत

स्वस्तातल्या हेल्मेटचा आतला भाग पुष्कळदा चकचकीत असतो आणि डोक्याच्या पट्ट्या पिवळ्या किंवा पांढऱ्या. पडद्यातून चुकून शिरलेला उजेड तिथं आपटून काचेकडं जातो. काचेच्या भोवती बोटभर रुंदीची काळी मखमल किंवा फेल्ट चिकटवली तर उपयोग होतो. रंगाचा डबा मात्र आत फिरवू नये. थिनरनं प्लास्टिक तडकतं, काचेवर शिंतोडे उडाले तर ती गेलीच.

आतली पांढरी काच पुसणं ही फुकटची दुरुस्ती आहे. लोक बाहेरची काच बदलतात, कारण तिच्यावर शिंतोडे दिसतात. पण बाहेरच्या काचेवरची धूळ काळ्या काचेच्या पलीकडं असते, तिच्यावर पसरलेला उजेडही गाळूनच येतो. आतल्या काचेवरचा घामाचा थर आणि ओरखडे डोळ्याच्या बाजूला असतात. मागून आलेला कवडसा त्यांच्यावर पडला की आख्खी काच दुधाळ होते. शर्टाच्या टोकानं पुसलेली पॉलिकार्बोनेटची काच महिन्याभरात तशी होतेच. पाण्यानं धुवून मऊ सुती कापडानं टिपावी, आणि ओरखडे पडले की टाकून द्यावी. ती महाग नसते.

चाळिशीचा चष्मा असलेल्यांचा त्रास दुप्पट. चष्म्याच्या मागच्या पृष्ठभागावरही मागून उजेड पडतो आणि तो डोळ्याच्या अगदी जवळ असतो. चष्मा करतानाच उजेड परत न फेकणारं कोटिंग घ्यावं. दुकानात अँटी-ग्लेअर म्हटलं की तेच देतात. पण चष्मा घातल्यावर कानामागची फट नीट झाकणं सर्वांत महत्त्वाचं.

डोळ्यांचा स्वभावही लक्षात घ्यायला हवा. एक लाख लक्समधून एकदम काळोखात गेलेल्या डोळ्याला जुळवून घ्यायला काही मिनिटं लागतात. हेल्मेट पाडलं आणि लगेच रॉड टेकवला तर पहिला इंचभर जोड आंधळाच भरला जातो. दोन जोडांमध्ये साध्या उन्हाच्या गॉगलनं डोळे सांभाळले तर ती जुळवाजुळव लवकर होते. फक्त तो गॉगल घालून आर्ककडं बघायचं नाही, टाक्यापुरतंसुद्धा.

ऑटो डार्क हेल्मेटवाल्यांसाठी

आपोआप काळी होणारी काच स्वीडनच्या होर्नेल कंपनीनं १९८१ मध्ये बाजारात आणली. आज ती तासगावच्या हार्डवेअर दुकानातही टांगलेली दिसते. आत द्रवस्फटिकाचा थर असतो, पुढं दोन-चार सेन्सर, आणि आर्क दिसला की काच सेकंदाच्या हजारो भागांतल्या एका भागात काळी होते. मागच्या उजेडाचं म्हणाल तर वर सांगितलेलं सगळं ह्यालाही तसंच लागू. काच काळी झाली की हिशेब तोच.

पण ह्याचं एक वेगळं दुखणं आहे. सेन्सर उजेडावर चालतात आणि माळावर उजेडच उजेड. काही हेल्मेट उन्हालाच आर्क समजून काळी होतात आणि टाका मारायची जागा दिसेनाशी होते. काही उलट वागतात. उन्हानं सेन्सर इतके दिपलेले असतात की बारीक करंटचा आर्क त्यांना वेगळा कळत नाही, काच उघडीच राहते आणि डोळ्यावर लख्खकन आपटतं. दुसरा प्रकार जास्त वाईट.

सेन्सिटिव्हिटीचा नॉब उन्हात, जागेवर बसूनच लावावा. काच काळी होईपर्यंत वाढवायचा, मग पुन्हा उजळेपर्यंत हळूच मागं आणायचा आणि तिथंच थांबायचं. मग एका भंगार पट्टीवर जोड ओढून बघायचा, पूर्ण वेळ काळी राहते का. मध्येच लुकलुकली तर कुठला तरी सेन्सर झाकला गेलाय, अँगलनं, होल्डरच्या केबलनं किंवा स्वतःच्या हातानं, नाहीतर बॅटरी संपत आलीय. सूर्य अगदी नाकासमोर असेल तर थोडं तिरकं बसावं. उजेडाबरोबर वेल्डिंगच्या करंटचं चुंबकीय क्षेत्रही ओळखणारी हेल्मेट मिळतात, त्यांना उन्हाची बाधा होत नाही, पण किंमत बरीच जास्त. वर्षातले दोन महिने माळावर काम असेल तर मी त्याऐवजी साधं काळ्या काचेचं एक हेल्मेट जवळ ठेवायला सांगेन.

जेवायच्या सुट्टीत ऑटो हेल्मेट ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवू नका. ह्या काचा साधारण ५५ अंश सेल्सिअसपर्यंत चालतील अशा बनवलेल्या असतात. एप्रिलच्या उन्हात तापलेला पत्रा त्याच्या वर सहज जातो. तापलेली काच अर्धवटच काळी होऊ शकते.

आणि डोळे मिटून मारलेले टाके. आर्कमधली अतिनील किरणं डोळ्याच्या बुबुळावरचा पातळ थर भाजतात. त्या वेळी काही कळत नाही. सहा-आठ तासांनी, म्हणजे बहुधा रात्री झोपेतून उठवून, डोळे खुपायला, गळायला लागतात आणि दिव्याकडं बघवत नाही. एक-दोन दिवसांत ते बरं होतं, पण बटाट्याची चकती आणि दुधाचे थेंब हा त्यावरचा इलाज नव्हे. डॉक्टरकडं जावं, आणि बधिर करणारे थेंब कुणाकडून मागून पुन्हा पुन्हा घालू नयेत, त्यानं जखम भरत नाही. रॅकच्या दोन बाजूंना दोन वेल्डर बसले असतील तर मागच्याचा आर्क ह्याच्या हेल्मेटात मागूनच शिरतो आणि त्याच आतल्या काचेवरून डोळ्यात येतो. ह्याचे डोळे रात्री खुपायला लागतात आणि ह्याला वाटतं, मी तर दिवसभर हेल्मेट काढलंच नव्हतं. दोघांनी पाठीला पाठ लावून बसू नये. बसावंच लागलं तर मध्ये पत्रा उभा करावा.